आघाताची वर्दी देणारा प्रकाश

अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर खडीसाखरेचा खडा पकडीने फोडला, तर क्षणभर फिकट निळसर प्रकाश दिसतो. फ्रान्सिस बेकन यांनी १६०५ साली साखरेच्या या गुणाची नोंद केली होती. हाच गुण विमानांच्या सुरक्षिततेसाठी वापरण्याच्या दृष्टीने संशोधन झाले आहे.

२०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. कार्बनचे तंतू राळेत बसवून, थरावर थर देऊन ते तयार होतात. ते हलके व बळकट असतात; परंतु निसटलेल्या अवजाराचा वा गारेचा मार बसल्यास पृष्ठभाग शाबूत दिसूनही आतील थर सुटू शकतात. धातूच्या पत्र्यास पोचा पडतो. येथे तशी खूण राहीलच असे नाही.

यावर उपाय म्हणून मँगनीजयुक्त झिंक सल्फाइडची पूड राळेत मिसळली जाते. आघात होताच तिच्यातून पिवळसर-नारिंगी प्रकाश निघतो. कार्बनचे काळे थर तो अडवतात, म्हणून प्रकाशतंतूंवाटे तो संवेदकापर्यंत न्यावा लागतो. प्रकाश क्षणिक असल्याने संवेदक सतत जागा असावा लागतो. शिवाय हा प्रकाश आघात झाल्याची वर्दी देतो. हानी किती झाली, हे श्राव्यातीत ध्वनिलहरींसारख्या साधनांनी तपासूनच ठरवावे लागते.