पोरांनी काढला सिनेमा

सिनेमा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. पण तो काढायला मुंबईचा स्टुडिओच लागतो असे नाही. आमच्या गावच्या शाळेतल्या पोरांनी एका मोबाईलवर सिनेमा काढला. त्याची ही हकिगत.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठी. थंडीच्या दिवसांत रात्री कासवाची मादी वाळूवर येते. खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. वर वाळू ओढते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांसाठी ती परत येत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले आपली आपणच वर येतात.

पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. कुत्री आणि कोल्हेही खात. मग मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ साली काम सुरू झाले. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी एकत्र आले. त्यांनी किनाऱ्यावर कुंपण केले. अंडी आत नेऊन वाळूत पुरली. पिल्ले निघाली की ती समुद्रात सोडली. पुढे दुसऱ्या गावांनीही तसेच केले. कासव मारणे, अंडी नेणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे सगळे दाखवावे असे पोरांच्या मनात आले. गुरुजींनी कामे वाटून दिली. एकाने बोलणे लिहिले. एकीने चित्रे घेतली. एकाने लाटांचा आवाज घेतला. मग तुकडे जोडले. नको ते काढून टाकले.

एक गोष्ट पोरांनी कटाक्षाने पाळली. रात्री विजेरी लावली नाही. का बरे? रात्री समुद्राकडची बाजू उजळ दिसते. त्या उजेडाकडे पिल्ले धावतात. मागे दिवा दिसला, तर ती वाट चुकतात. म्हणून पोरांनी उजाडल्यावर चित्रे घेतली. चित्र हुकले तरी चालेल, पिल्लू हुकता कामा नये!

सिनेमा शाळेच्या भिंतीवर दाखवला. सगळा गाव जमला. सिनेमात एक वाक्य होते, "कोळ्यांच्या जाळ्यांत कासवे मरतात." ते ऐकून आमचे म्हातारे तांडेल उठले.

"पोरांनो, सिनेमा बरा झालाय. पण आमच्याकडं बोट दाखवलंत, आणि आम्हाला इचारलं का? कासव मेलं तर आम्हालाही वाईट वाटतं. पण जाळं कापलं तर नवं कुठनं आणू?"

सगळे गप्प झाले. आम्हीही खाली बघितले. ते वाक्य लिहिताना आम्हीच पोरांना मदत केली होती.

दुसऱ्या दिवशी पोरे तांडेलांच्या अंगणात गेली. त्यांनी फाटलेले जाळे दाखवले. ते म्हणाले, "कासव पाण्यात राहतं, पण श्वास घ्यायला वर येतं. जाळ्यात अडकून खाली राहिलं, की गुदमरतं. येळेवर कापलं तर जगतं."

मग पोरांनी चौकशी केली. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला, तर सरकार जाळ्याची भरपाई देते. ही योजना २०१८ साली सुरू झाली. भरपाई जास्तीत जास्त २५,००० रुपये ठरली. प्राणी सोडतानाचा फोटो किंवा मोबाईलवरचे चित्रण पुरावा म्हणून लागते. हा कागद सोसायटीच्या फळ्यावर लावलेला होता. पण आम्ही कुणी तो वाचलाच नव्हता!

पोरांनी सिनेमा पुन्हा जोडला. ते वाक्य काढले. त्या जागी तांडेलांचे बोलणे घातले. शेवटी योजनेचा कागद मोठ्या अक्षरांत दाखवला. या वेळी सिनेमा संपल्यावर तांडेल म्हणाले, "आता होडीवर एक मोबाईल ठेवायला हवा."

आम्ही यातून काय शिकलो? ज्याच्याविषयी बोलायचे, त्याला आधी विचारावे. आणि फळ्यावर कागद दिसला, तर थांबून वाचावा. आता आपल्याला वाचता येते ना!

विचार करा :
१. पोरांनी विजेरी का लावली नाही?
२. तांडेलांना राग का आला?
३. तुमच्या गावच्या फळ्यावर आज कोणता कागद आहे? तो वाचून शेजाऱ्याला सांगा.