सर्व्हर चालू, नेटवर्क बंद!

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर झालेला गोंधळ कोणी विसरलं नसेल. रिपोर्ट अपलोडला लावला की अर्ध्यावर अडकायचा आणि मग सगळंच ठप्प. सर्व्हर रीस्टार्ट केला की तासभर बरं, पुन्हा तेच. लॅबचे काका केबल काढतात, असा शोध कोणीतरी लावला. तो कोणीतरी म्हणजे मीच, हे आधीच सांगून टाकतो.

आता मुद्द्याकडे वळू. आपल्या लॅबच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे एका मशीनच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकीला वाटतं की आपल्याला स्वतंत्र नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात त्या सगळ्या एका सॉफ्टवेअर ब्रिजला जोडलेल्या असतात आणि तिथून बाहेर पडायला खरं कार्ड एकच. कल्याणच्या पुढे एक लोकल बंद पडली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळेच लटकतात, तसा प्रकार.

पहिली खूण इथेच सापडते. एकाच सर्व्हरवरच्या दोन व्हर्च्युअल मशीनमधला पिंग ब्रिजमधूनच फिरतो, खऱ्या कार्डापर्यंत उतरतच नाही. मी मॉनिटर-कीबोर्ड थेट सर्व्हरला लावून बघितलं. आतल्या आत पिंग व्यवस्थित, बाहेर मात्र काही जाईना. म्हणजे दोष कार्डात किंवा त्याच्या पुढे. दोन मिनिटांची ही तपासणी कोणी करत नाही; आधी रीस्टार्ट! रीस्टार्टने कार्डही रीसेट होतं, म्हणून रोग बरा झाल्यासारखा वाटतो.

मग कर्नलचा लॉग उघडला. त्यात 'नेटडेव्ह वॉचडॉग' आणि 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असं आलेलं. याचा अर्थ, कर्नलने पॅकेट कार्डाच्या हवाली केली, पण ती पाठवल्याची पोच ठरल्या वेळेत आलीच नाही. केबल निघाली असती तर 'लिंक इज डाउन' अशी नोंद असती. ती कुठेच नव्हती. 'ईथटूल -एस'मध्ये सीआरसी एरर शून्य, म्हणजे केबल खराब असण्याचीही शक्यता कमी. काका सुटले.

आता संशय कार्डावर. ते उल्हासनगरच्या एका दुकानातून आणलेलं सेकंडहँड. 'मेड इन यूएसए'चा आपल्याकडचा जुना विनोद लगेच सुरू झाला! पण दुसरीकडून आणलेलं त्याच चिपचं कार्ड लावलं, तर तेही तसंच अडकलं. दुकानदारही सुटला.

मग लक्षात आलं की दिवसभर पिंग चालतो, कार्ड अडकतं ते मोठी फाइल जाताना. इथे टीएसओ नावाची सोय आडवी येते. एरवी १५०० बाइटची पॅकेट प्रोसेसर पाडतो. टीएसओ चालू असेल तर कर्नल ६४ केबीपर्यंतचा मोठा तुकडा कार्डाला देतो आणि तो कापायचं काम कार्ड करतं. प्रोसेसरचा भार वाचतो, पण काही चिप आणि ड्रायव्हरच्या जोड्या या कामात अडकतात. पिंगची पॅकेट छोटी, त्यांना कापायचं काही नसतं, म्हणून ती सुखरूप.

'ईथटूल -के'ने टीएसओ आणि जीएसओ बंद केलं आणि रात्रभर आयपर्फ चालवून ठेवलं. एकदाही अडकलं नाही. एकच ध्यानात ठेवा, ही सेटिंग रीस्टार्टनंतर टिकत नाही. इंटरफेसेस फाइलमध्ये 'पोस्ट-अप'ची ओळ लिहावी लागते. प्रोसेसरला काम थोडं वाढतं, आपल्या लॅबला ते परवडतं.

नामांकित कार्डांनाही हे चुकलेलं नाही. २०१३ साली क्रिस्टियन कीलहॉफ्नर यांनी दाखवून दिलं की इंटेल ८२५७४एल चिपची काही कार्डं एका विशिष्ट पॅकेटने बंद पडतात. पॅकेटमधल्या एका ठरावीक जागी विशिष्ट बाइट आला की कार्ड मेलंच. वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय उठायचं नाही. इंटेलने तपासून सांगितलं की एका मदरबोर्ड उत्पादकाने ईप्रॉम चुकीचा भरला होता. म्हणजे तिथेही चिप बिचारी निर्दोषच.

दुसऱ्या दिवशी काकांना गाठून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "अरे, त्या रात्री मी बदलापूरला घरी झोपलो होतो. विचारायचंस तरी!"