‘पाठवला’ म्हणजे पोचला नव्हे

इंदापूर तालुक्यात सणसरच्या बाजूला एका दूध संकलन केंद्रासाठी मी बारामतीत बसून ॲप लिहिलं. खातेदार ६०. दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धेतर घन घटक) आणि दर मोबाइलवर जायचे, एवढंच काम.

१. ‘पाठवा’ दाबलं की माझं ॲप फोनच्या मेसेज ॲपमध्ये नंबर आणि मजकूर भरून द्यायचं. तिथलं बटण माणसानंच दाबायचं. केंद्राचे सचिव पहिलं बटण दाबून लगेच पुढची किटली ओढत. आठवड्यानं बघितलं, तर मेसेज ड्राफ्टमध्ये पडलेले.

२. मग सिमवरून थेट पाठवायला लागलो. पॅकमध्ये दिवसाला १०० मेसेज. सकाळी ६० गेले, संध्याकाळी ४० नंतर गाडी अडली. उशिरा येणाऱ्यांना वाटलं, आपलं दूध वहीत चढलंच नाही! शिवाय २०१९पासून गूगल प्ले असं थेट मेसेज पाठवायची परवानगी मोजक्याच ॲपना देतं.

३. लोकांना मराठीत मेसेज हवा होता. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजतात. ‘स्निग्धांश’ला दहा जागा, ‘फॅट’ला तीन. माझा शुद्ध मराठीचा हट्ट तिथंच संपला. सत्तर ओलांडले की एकाचे दोन, म्हणजे १००चा कोटा ५० पावत्यांत खलास.

४. शेवटी एकगठ्ठा मेसेजची सेवा घेतली. तिथं ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानं संस्थेची, मेसेजवर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही नोंद लागते. साच्यात ‘रुपये’ होतं, मी जागा वाचवायला ‘रु.’ केलं. मजकूर साच्याशी जुळेना, म्हणून दिवसभर एकही मेसेज पोचला नाही, ॲपवर मात्र हिरवी खूण. ती खूण मीच लावली होती, मजकूर सेवेकडे सोपवला की लगेच.

५. केंद्राच्या हिशेबनीसांना तक्ता ईमेलनं जायचा. ईमेल त्यामानानं गरीब. अडचण एवढीच, दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराचा तक्ता ॲपच्या खाजगी कप्प्यात होता आणि जीमेलला तो उघडायची परवानगी मी दिलीच नव्हती. हिशेबनीसांना नुसतं ‘सोबत तक्ता जोडला आहे’ मिळालं.

६. कागदी चिठ्ठी बंद करू नका. मी केली. आता एक आजी मेसेज वाजला की फोन सचिवांपुढं धरतात, “वाच रं, काय आलंय.” दोन मिनिटांपूर्वी स्वतःच पाठवलेला मेसेज सचिव चष्मा लावून वाचतात, “फॅट ३.८.”