संगणक बंद पडला? आधी निदान, मग दुरुस्ती



आपल्यापैकी बऱ्याच घरांत सुटे भाग आणून जोडलेला संगणक आहे. बाजारात त्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात. त्याचा मोठा फायदा असा की एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मात्र कोणता भाग बिघडला हे शोधून काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ते शोधता आले नाही तर चांगला भाग भंगारात जातो, बिघडलेला जागच्या जागी राहतो आणि पैसे दोनदा मोजावे लागतात.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षातही काही यंत्रे बंद आहेत. ती काढून टाकावीत का, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. आमचे म्हणणे असे, की ‘बंद आहे’ हे फक्त लक्षण झाले. ताप आला म्हणून डॉक्टर लगेच मलेरियाचे औषध देत नाहीत, आधी तपासतात. यंत्रालाही तोच न्याय लावावा.

आधी सुरक्षितता

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असली तरी तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि प्लग काढल्यावरही त्या डब्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. माळव्यात थंडीत हवा कोरडी असते. स्वेटर घालून-काढून अंगावर स्थिर वीज साठते आणि ती नाजूक चिपला मारक ठरते. म्हणून कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. चालू संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बहुधा घरात अर्थिंग नीट नाही. तेव्हा बाकी सर्व थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

एक नियम

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. रॅम आणि केबल दोन्ही एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

लक्षणांवरून शोध

१. काहीच हालचाल नाही, पंखाही फिरत नाही. त्याच सॉकेटमध्ये टेबल-लॅम्प लावून पाहा. एसएमपीएसच्या मागचे बटण चालू आहे का? मदरबोर्डची २४ पिनांची जोडणी आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची जोडणी घट्ट बसली आहे का? समोरच्या बटणाची बारीक तार निसटली नाही ना? हे सर्व ठीक असेल तर चालू असलेल्या संगणकाचा, पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस लावून पाहावा.

२. पंखा फिरतो, पण पडद्यावर चित्र नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावायची असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. तिथे कार्ड हवेच. त्यानंतर प्लग काढून अनावश्यक भाग बाजूला ठेवा. एसएमपीएस, मदरबोर्ड, कूलरसह प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि चित्रासाठी लागत असेल तर कार्ड, एवढ्यावर सुरू करा. चालले तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागापाशी अडेल, संशय त्याच्यावर. अनेक नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांसाठी चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे आधी पाहावे. डीडीआर-५ रॅम प्रथमच बसवली असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात. घाईने वीज तोडू नये.

३. सुरू होतो आणि मध्येच बंद पडतो. दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी, किंवा जड काम देताच बंद पडत असेल तर आधी उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यातील धूळ काढा, कूलर घट्ट बसला आहे का ते पाहा. केव्हाही बंद पडत असेल तर रॅम व एसएमपीएस तपासावेत. रॅमसाठी ‘मेमटेस्ट८६+’ हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालू ठेवता येतो. एसएमपीएसची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असली पाहिजे; हे मोजमाप शिक्षक किंवा जाणकारांकडूनच करून घ्यावे.

४. तारीख-वेळ रोज मागे जाते. मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. एवढ्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही.

५. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो. इथे प्रयोग नकोत. यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नका. डिस्क वाचता येत असेल तर महत्त्वाचे तेवढे आधी दुसरीकडे उतरवा. येत नसेल तर बंद करून जाणकाराकडे न्या. संगणक पुन्हा विकत मिळतो; दुकानाचे हिशेब आणि आजोबांचे फोटो मिळत नाहीत.

एक उदाहरण

नववीतील एका मुलीच्या घरी संगणक बंद पडला. तिची आई डबे पुरवते. सगळा हिशेब त्यातच. दुकानात सांगितले, ‘मदरबोर्ड गेला.’ मुलीने वडिलांना सोबत घेऊन रॅमच्या दोन पट्ट्या आलटून-पालटून लावल्या आणि वहीत लिहिले: पहिली पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चालते, दुसरी कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नाही. म्हणजे स्लॉट चांगले, मदरबोर्ड चांगला, दोष दुसऱ्या पट्टीत. खर्च एका पट्टीचा झाला. वहीतल्या दोन ओळींनी एक मदरबोर्ड वाचवला.

विश्वस्त मंडळास विनंती

प्रत्येक बंद यंत्रावर एक कागद लावावा: लक्षण, काय बदलले, काय झाले. संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली नववी-अकरावीच्या विद्यार्थ्यांनी तो भरावा. त्यानंतरच निर्णय व्हावा. जे खरोखर निकामी ठरेल ते भंगारवाल्याला देऊ नये. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसे असते आणि तारा जाळल्या की धूर वस्तीतच पसरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावे.

स्वाध्याय

१. दोन्ही पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये चालतात, दुसऱ्यात एकही चालत नाही. दोष कुठे?
२. संगणक सकाळी तासभर चालतो, दुपारी दहा मिनिटांत बंद पडतो. आधी काय तपासाल आणि का?
३. आपल्या घरच्या संगणकातील भागांची यादी, खरेदीची तारीख आणि बिलावरील वॉरंटीची मुदत वहीत लिहा.

उत्तरे कारणांसह संगणक शिक्षकांना दाखवावीत.

— प्राचार्य