दिव्याची लाल पाकळी

(काही दीपगृहांचा उजेड निरनिराळ्या दिशांना निरनिराळ्या रंगांचा दिसतो. हे रंग सागरी नकाशावर कसे दाखवतात आणि संगणकावर ते काढताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

रात्रीच्या वेळी समुद्रावर वाट दिसत नाही. तेथे पाटी नसते, वळणावरचे झाड नसते. अशा वेळी नाखव्याला आधार असतो तो दीपगृहाचा. ‘नाखवा’ हा कोकणातला शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला ‘नाखुदा’ तो हाच.

दीपगृहाचा उजेड लांबून दिसतो, एवढे सर्वांना माहीत असते. पण काही दीपगृहांचा उजेड सगळीकडे एकाच रंगाचा नसतो. एका बाजूने तो पांढरा दिसतो, दुसऱ्या बाजूने लाल, तर कुठे हिरवा. दिव्यापुढे त्या त्या दिशेला रंगीत काच बसवली, की असे होते. बहुधा पांढऱ्या उजेडात वाट मोकळी असते. लाल उजेड दिसू लागला, की नाखव्याने ओळखावे, आपण खडकाजवळ किंवा उथळ पाण्याकडे चाललो आहोत. मात्र रंगांचा नेमका अर्थ त्या जागेच्या नकाशावरूनच समजतो. म्हणून नकाशा बिनचूक हवा.

वर्तुळाच्या केंद्रापासून दोन त्रिज्या काढल्या, तर त्यांच्यामध्ये कलिंगडाच्या फाकेसारखा भाग तयार होतो. भूमितीत त्याला ‘वर्तुळपाकळी’ म्हणतात. एका रंगाचा उजेड जेवढ्या भागात दिसतो, तेवढी एक पाकळी. ती काढायला तीन गोष्टी लागतात : दिव्याची जागा, पाकळीच्या दोन कडांचे अंश आणि उजेडाचा पल्ला. अंश उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. उत्तर ०°, पूर्व ९०°, दक्षिण १८०° आणि पश्चिम २७०°.

ही सर्व माहिती दिव्यांच्या छापील यादीत मिळते. मग अडचण कोठे येते? एका खऱ्या दीपगृहाचे उदाहरण घेऊ.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे स्टार्ट पॉइंट नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. त्यावर १८३६ साली दीपगृह बांधले गेले. त्याचा मुख्य दिवा पांढरा असून तो दर दहा सेकंदांत तीन वेळा लखलखतो. भूशिराच्या ईशान्येला ‘स्केरीज’ नावाचा उथळ पट्टा पाण्याखाली आहे. या धोक्याची सूचना देण्यासाठी दीपगृहात एक वेगळा, स्थिर लाल दिवा ठेवला गेला. यादीत त्याची पाकळी २१०° ते २५५° अशी दिली आहे.

आता संगणकावर नकाशा उघडून दीपगृहापासून २१०° आणि २५५° या दिशांना रेषा काढल्या, तर काय होईल? लाल पाकळी नैर्ऋत्येला जाईल. उथळ पट्टा तर ईशान्येला आहे! म्हणजे नकाशावर धोक्याच्या जागी लाल रंग नाही आणि जेथे त्याची गरज नाही, तेथे आहे. अशा नकाशावर विसंबणारा नाखवा सरळ उथळ पाण्यात शिरेल.

यादी चुकीची नाही. यादीतले अंश समुद्रावरून दिव्याकडे पाहणाऱ्याचे असतात. जहाज ईशान्येला असेल, तर जहाजावरच्या माणसाला दिवा नैर्ऋत्येला दिसतो. नकाशा काढणारा मात्र दिव्याच्या जागेवरून समुद्राकडे रेषा काढतो. दोघांच्या दिशा अगदी उलट. म्हणून यादीतल्या अंशांत १८० मिळवावेत. बेरीज ३६० किंवा त्याहून जास्त आली, तर त्यातून ३६० वजा करावेत.

२१० + १८० = ३९०; ३९० − ३६० = ३०
२५५ + १८० = ४३५; ४३५ − ३६० = ७५

म्हणजे पाकळी दिव्यापासून ३०° ते ७५° या दिशांत येते. आता ती बरोबर स्केरीजवर पडते.

नकाशे काढण्यासाठी ‘क्यूजीआयएस’ नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. गॅरी शर्मन यांनी २००२ साली त्याची सुरुवात केली. त्यात ‘वेज बफर’ नावाची सोय आहे. तिला पाकळीच्या कडा सांगायच्या नसतात. मधली दिशा, रुंदी आणि त्रिज्या सांगायची असते. येथे रुंदी ७५ − ३० = ४५° आणि मधली दिशा ५२.५°. एखादी पाकळी उत्तरेला ओलांडत असेल, उदाहरणार्थ ३३०° ते २०°, तर शेवटच्या अंशांत आधी ३६० मिळवावेत. ३८० − ३३० = ५०° ही तिची रुंदी. हे विसरल्यास पाकळी भलत्याच दिशेला आणि भलतीच मोठी येते.

राहिली त्रिज्या. पल्ला १० सागरी मैल धरू. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. म्हणून त्रिज्या १८,५२० मीटर. पण येथेही सावध राहावे. संगणकावरचे पुष्कळ नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. १५६९ सालच्या या पद्धतीत दिशांचे कोन खरे राहतात, परंतु विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर ताणले जाते. स्टार्ट पॉइंट सुमारे ५०° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे १८,५२० मीटर असेच लिहिले, तर पाकळी प्रत्यक्षात सुमारे ६.४ मैलांचीच होते. म्हणून या आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.६४ ने भागावे. सुमारे २८,९०० मीटर हे उत्तर येते.

पाकळी काढून झाल्यावर काम संपत नाही. उथळ जागा लाल रंगाखाली आली का, हे डोळ्यांनी पाहावे. संगणक दिलेल्या आकड्यांची पाकळी झटकन काढतो. ती योग्य जागी पडली की नाही, हे त्याला कळत नाही. शिवाय नकाशावर कडेची रेषा बारीक असली, तरी समुद्रावर रंग एकदम बदलत नाही, हळूहळू बदलतो. म्हणून शहाणा नाखवा कडेपासून दूरच राहतो. आपण सरावासाठी काढलेला नकाशा घेऊन समुद्रात जाऊ नये, हे तर सांगायलाच नको. त्यासाठी अधिकृत नकाशे असतात. भारतात ते डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते.

विद्यार्थ्यांनो, अंश तेच, दिवाही तोच. पण पाहणारा कोठे उभा आहे, यावर सारे अवलंबून आहे. कोणताही आकडा वापरण्यापूर्वी तो कोणाच्या जागेवरून मोजला आहे, हे आधी विचारावे.

शब्दार्थ
भूशिर – समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक
उथळ – कमी खोलीचा
पल्ला – उजेड पोहोचतो तेवढे अंतर
ईशान्य – उत्तर व पूर्व यांमधली दिशा
नैर्ऋत्य – दक्षिण व पश्चिम यांमधली दिशा
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टार्ट पॉइंटचे दीपगृह कोणत्या साली बांधले गेले?
(आ) यादीतले अंश कोणाच्या जागेवरून मोजलेले असतात?
२. कारण लिहा : शहाणा नाखवा पाकळीच्या कडेपासून दूर राहतो.
३. एका दिव्याची हिरवी पाकळी यादीत ९०° ते १३०° अशी दिली आहे. दिव्यापासून तिच्या दोन कडा, मधली दिशा व रुंदी काढा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : उथळ, स्थिर, परका, शहाणा.
५. ‘नाखवा’प्रमाणे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.