पाण्याला पाण्याचेच बूच

नळ घट्ट आवळला तरी तोटीतून थेंब पडत राहतो, हा अनुभव घरोघरी येतो. खाली भांडे ठेवले की तेवढ्यापुरते भागते. परंतु हाच थेंब कारखान्याच्या मोठ्या नळातून पडू लागला, तर दुरुस्तीचे सारे काम अडून बसते.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पोलाद म्हटले की डोळ्यांपुढे आग येते. पण त्या आगीला आवरून धरते ते पाणी. भट्टीच्या भिंती थंड ठेवणे, भट्टीतून निघणारा वायू धुणे आणि वाफ निर्माण करणे ही कामे पाण्यावाचून होत नाहीत. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाणीपुरवठ्यात बिघाड होऊन दाब उतरला आणि वायुशुद्धीच्या विभागातून विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पसरला. सहा जणांचे प्राण गेले. म्हणून अशा ठिकाणी दुरुस्तीसाठी सर्व पाणी एकदम बंद करता येत नाही. काम असेल तेवढाच भाग वेगळा करावा लागतो. ते काम झडपेचे.

झडप का गळते?

झडपेतील तबकडी आपल्या बैठकीवर चपखल बसली, तरच पाणी थांबते. मध्ये गंजाचा किंवा जोडकामातील धातूचा बारीकसा कण अडकला, की फट राहते. अशा वेळी चाकावर लोखंडी दांडा लावून जोर करणे चुकीचे. त्याने कण बैठकीत रुतून तिला कायमचा ओरखडा पडतो. झडप किंचित उघडून पुन्हा मिटल्यास पुष्कळदा कण प्रवाहाबरोबर निघून जातो. गळती न थांबल्यास अलीकडची दुसरी झडप मिटून, दोहोंमधील निचऱ्याची तोटी उघडी ठेवतात. झिरपणारे पाणी मग कामाच्या जागी न येता बाजूला वाहून जाते.

परंतु दुसरी झडपच नसेल तर? साध्या पाण्याच्या नळात एखादे वेळी चिंधी किंवा रबराचा गोळा कोंबून भागवता येईल. वीजघरातील बॉयलरचे पाणी मात्र क्षार काढून टाकलेले, अतिशुद्ध असते. त्यात क्षार राहिल्यास नळ्यांना आतून खवले धरतात, उष्णता नीट पोहोचत नाही आणि नळ्या तापून फुटतात. तेथे परका पदार्थ नको. मग बूच कशाचे करावे? त्याच पाण्याचे!

बर्फाचे बूच

नळाभोवती एक वेष्टन बसवून त्यात उणे १९६ अंश सेंटिग्रेडला उकळणारा द्रवरूप नायट्रोजन सोडतात. पोलादासाठी लागणारा प्राणवायू हवेतून वेगळा करताना हा नायट्रोजनही मिळतो. नळातील पाणी कडेकडून आत गोठत जाते आणि अखेर मध्यभागही बंद होतो.

याचा हिशेब सोपा आहे. ३० अंशांचे १ ग्रॅम पाणी शून्य अंशापर्यंत निवविण्यास ३० आणि गोठविण्यास ८० कॅलरी, म्हणजे एकूण ११० कॅलरी उष्णता काढावी लागते. १ ग्रॅम द्रव नायट्रोजन उकळताना सुमारे ४८ कॅलरी शोषून घेतो. म्हणजे १ किलो पाण्यास निदान सव्वादोन किलो नायट्रोजन हवा. नळाचा धातू निवविण्यास लागणारा आणि वाया जाणारा निराळा.

यावरूनच पहिला नियम निघतो : पाणी स्थिर हवे. वाहते पाणी सारखी नवी उष्णता आणते आणि बूच जमत नाही. म्हणून आधी पुढील टोक बंद ठेवून पाणी गोठवावे आणि मगच नळ उघडावा. गळकी झडपच बदलावयाची असेल, तर पाणी येते त्या बाजूस बूच करावे.

दुसरा नियम : गोठताना पाणी सुमारे एक-अकरांश फुगते, त्याला सरकण्यास एका बाजूस वाव हवा. दोन्हीकडून कोंडलेले पाणी नळ फोडील. तिसरा : अतिथंड लोखंड ठिसूळ होते, त्यावर घाव घालू नये. चौथा : १ लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो प्राणवायूला हुसकून लावतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. तेथे वारा खेळता हवा, एकट्याने काम करू नये.

निचऱ्याची तोटी उघडून पाणी पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच काम सुरू करावे आणि ते संपेपर्यंत नायट्रोजन चालू ठेवावा. शेवटी नवी झडप मिटून मधल्या भागात पाणी भरावे व दोन्हीकडचा दाब सारखा करावा. नाहीतर सैल झालेले बूच तोफगोळ्यासारखे सुटेल. मग बर्फ आपोआप वितळू द्यावा. त्याला आगीची घाई करू नये.

बूच वितळते आणि मागे काहीच उरत नाही. जे पाणी वाट अडवून उभे होते, तेच पुन्हा बॉयलरकडे चालू लागते.