शिडाच्या होडीतून

मुरूडजवळ राजपुरी हे गाव आहे. डिसेंबर महिन्यात आम्ही तेथून जंजिरा पाहायला निघालो. तांडेलचाचांनी शीड उभारले. ते वाऱ्याने टच्च फुगले आणि होडी एका अंगाला कलून चालू लागली. इंजिन नव्हते, म्हणून पाण्याचा बारीक आवाजही ऐकू येत होता.

होडीमागून पांढरे कुरव उडत होते. त्यांना सीगलही म्हणतात. हे पाहुणे थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात.

किल्ला जवळ आला, पण काळ्या तटात दरवाजाच दिसेना! चाचा हसले, "अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही, बाळांनो."

इतक्यात एक मुलगा ओरडला, "सर, तो पक्षी बुडतोय!"

एका कुरवाच्या पंखाला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला होता. चाचांनी होडी वळवली, शीड उतरवले आणि पक्ष्याला उचलले. तो त्यांच्या बोटाला कडकडून चावला. त्यांनी त्याच्यावर रुमाल टाकला व हळूहळू तंगूस कापला. पक्षी थोडा वेळ फळीवर बसला, मग उडाला.

तोवर वारा पडला होता. वल्ही मारत पोहोचायला फार उशीर झाला. सिद्दींचे राज्य येथे १९४८ पर्यंत होते. त्यांची कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव एवढेच पाहून झाले. पडका वाडा राहिला, म्हणून काही मुले कुरकुरली.

तो मुलगा मात्र तंगुसाचा तुकडा मुठीत धरून आकाशाकडे पाहत होता. "सर, यातला आपला कोणता?"